शंभराला काळोख होतो म्हणून ऑब्जेक्टिव्ह बदलू नका, आधी कंडेन्सर बघा

ताई, तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडतो, म्हणजे माझं काही चुकत असेल तर लगेच सांगता येईल. भांडुपला छोटी लॅब सुरू केलीत, तिच्यासाठी वापरलेला दोन डोळ्यांचा मायक्रोस्कोप घेतलात. स्लाइडकडच्या भिंगांपैकी (त्यांनाच ऑब्जेक्टिव्ह म्हणतात) ४ आणि १० पटीच्या भिंगांना चित्र स्वच्छ येतं. ४० ला रक्ताचा स्मिअर (काचेवर पसरलेला पातळ थर) दुधाळ दिसतो, कितीही फोकस केला तरी कडा धरत नाही. १०० ला तेल घालूनही काळोख. विकणाऱ्याचं म्हणणं, १०० चं ऑब्जेक्टिव्ह गेलं, नवीन घ्या. तुमचं म्हणणं, १० चं आयपीस (डोळ्याकडचं भिंग) काढून १६ चं लावलं तर मलेरियाचे परजीवी मोठे दिसतील का? आणि जाता जाता, कुठला भाग नेमकं काय करतो ते एकदा नीट सांगा.

मायक्रोस्कोपची सर्व्हिसिंग हाच माझा धंदा. मुंबईतल्या शाळा, कॉलेजं आणि बऱ्याचशा पॅथॉलॉजी लॅबमध्ये जाऊन मी हे काम करतो, आणि तुमची तक्रार मला सतत ऐकायला मिळते. त्यातली बरीचशी यंत्रं एकही भाग न बदलता ठीक होतात. तुमचंही होईल असं आत्ताच छातीठोक सांगत नाही, कारण यंत्र मी पाहिलेलं नाही. उजेड आरशाचा आहे की बल्बचा, बल्ब हॅलोजनचा की एलईडी, ऑब्जेक्टिव्हवर १६० (नळीची लांबी, मिलिमीटरमध्ये) कोरलंय की आडवा आठ (अनंताची खूण), यावर थोडंफार अवलंबून आहे. पण एक गोष्ट पक्की: तुमच्या तक्रारी दोन आहेत. ४० चा दुधाळपणा आणि १०० चा काळोख यांची कारणं बहुधा वेगळी निघतात. दोन्ही एकाच खात्यात टाकल्या की माणूस नको ते विकत घेतो.

१६ च्या आयपीसचं आधी निकालात काढू, कारण त्यातच बाकीच्याची किल्ली आहे.

४० चं ऑब्जेक्टिव्ह सोडवून उजेडात धरा आणि त्याच्या अंगावरचे आकडे वाचा. साधारण असं असेल: वर ४०/०.६५, खाली १६०/०.१७. पहिला आकडा सगळ्यांना माहीत असतो, किती पट मोठं. दुसरा, म्हणजे ०.६५, हा खरा महत्त्वाचा. याला न्यूमेरिकल अपर्चर म्हणतात. स्लाइडमधून वर येणाऱ्या प्रकाशाचा किती रुंद शंकू हे भिंग आत घेऊ शकतं, ते हा आकडा सांगतो. शंकू जितका रुंद, तितके जवळजवळचे दोन ठिपके वेगळे दिसतात. जर्मनीतल्या येना इथे झाइसच्या कारखान्यासाठी काम करणाऱ्या अर्न्स्ट अबे यांनी १८७३ मध्ये याचं गणित मांडलं, आणि आजही आम्ही त्याच धर्तीच्या हिशेबाने चालतो, फक्त पुढचा ०.६१ हा गुणक लॉर्ड रॅले यांच्या कसोटीतला. प्रकाशाची तरंगलांबी गुणिले ०.६१, भागिले हा आकडा. हिरवट उजेडासाठी ०.५५ मायक्रॉन धरा (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग). मग १०/०.२५ च्या ऑब्जेक्टिव्हला साधारण १.३ मायक्रॉन अंतरावरचे दोन ठिपके वेगळे दिसतात, ४०/०.६५ ला अर्ध्या मायक्रॉनवरचे, आणि १००/१.२५ ला पाव मायक्रॉनच्या जरा वर.

आता तुमच्या कामाशी ताडून बघा. लाल पेशी ७ ते ८ मायक्रॉनची, ती १० लाही कळते. प्लेटलेट २ ते ३ मायक्रॉनची. फाल्सिपेरम या मलेरियाच्या परजीवीची कोवळी रिंग लाल पेशीच्या साधारण पाचव्या भागाएवढी, आणि तिच्यातला क्रोमॅटिनचा (केंद्रकाचा) ठिपका त्याहूनही लहान. ती रिंग आहे की स्टेनचा (रंगाचा) कण, हे ठरवायला लागणारा तपशील फक्त १०० चं ऑब्जेक्टिव्ह देतं. आयपीस देत नाही. ऑब्जेक्टिव्हने जे चित्र नळीत वर पाठवलं तेच आयपीस मोठं करून डोळ्याला दाखवतं, त्यात भर घालत नाही. पुसट झेरॉक्स दुप्पट मोठी करून काढली म्हणून न उमटलेलं अक्षर वाचता येत नाही, तसंच हे. कामाचा नियम असा की एकूण मोठेपणा न्यूमेरिकल अपर्चरच्या हजारपटीपर्यंतच उपयोगाचा. १.२५ ला ती मर्यादा १२५० पट. तुम्ही १०० गुणिले १० म्हणजे १००० वर आहात, अगदी योग्य जागी. १६ लावलंत तर १६०० होईल, चित्र आणखी अंधारेल आणि बघायचा गोल लहान होईल. ते पैसे वाचवा. ‘२००० पट दिसतो’ अशी जाहिरात करून विकले जाणारे मायक्रोस्कोपही याच हिशेबाने तपासा.

आता काळोखाकडे. मायक्रोस्कोप खालून वर वाचायचा असतो, कारण उजेड खालून वर जातो. शाळेतली आकृती आपण वरून, आयपीसपासून पाठ करतो, म्हणून खालचे भाग कायम दुर्लक्षित राहतात.

सगळ्यात खाली उजेडाची सोय. जुन्या यंत्रात आरसा असतो, एक बाजू सपाट, एक खोलगट. वर कंडेन्सर असेल तर सपाट बाजू वापरायची. खोलगट बाजू कंडेन्सर नसलेल्या यंत्रासाठी. तुमचा दोन डोळ्यांचा आहे म्हणजे बहुधा बल्बच असेल. हॅलोजन ६ व्होल्ट २० वॉटचा असेल तर तो काढून काच काळवंडलीय का बघा (प्लग काढून, बल्ब गार झाल्यावर). नवीन बसवताना काचेला बोट लावू नका, टिश्यूत धरून बसवा, नाहीतर घामाच्या डागावर काच तापून बल्ब लवकर जातो. बल्ब खोबणीत तिरका बसला असेल तर १० ला फारसं कळत नाही, १०० ला मात्र अर्धा गोल काळा दिसतो. हॅलोजनवर निळं फिल्टर असतं, पिवळटपणा मारायला. एवढं बघितलंत की बल्बचा विषय संपला.

त्याच्या वर, स्टेजच्या (स्लाइड ठेवायच्या पाटीच्या) खाली, कंडेन्सर. इथे थांबा, कारण तुमचं दुखणं मला इथेच दिसतंय.

बल्बचा उजेड गोळा करून त्याचा रुंद शंकू स्लाइडच्या नेमक्या बिंदूवर टाकणं हे कंडेन्सरचं काम. ऑब्जेक्टिव्ह कितीही चांगलं असो, खालून अरुंद शंकू आला तर ते अर्ध्या ताकदीनेच काम करतं. म्हणून कंडेन्सरवरही न्यूमेरिकल अपर्चर कोरलेलं असतं, साध्या अबे कंडेन्सरवर बहुधा १.२५. (हा पूर्ण १.२५ मिळायला कंडेन्सर आणि स्लाइड यांच्यामध्येही तेल घालावं लागतं. रोजच्या कामात कोणी घालत नाही, आणि तुम्हीही घालू नका. स्टेजचा चिखल होईल. कोरड्याने जेवढं मिळतं तेवढ्यावर स्मिअर उत्तम दिसतो.)

आता गंमत बघा. १० च्या ऑब्जेक्टिव्हला फक्त ०.२५ चा शंकू हवा असतो. कंडेन्सर खाली घसरलेला असो, त्याच्यातला आयरिस डायफ्राम (उघडमिट करणारा पाकळ्यांचा पडदा) जवळजवळ मिटलेला असो, तेवढा उजेड १० ला मिळूनच जातो. चित्र छान दिसतं आणि आपल्याला वाटतं, खालचं सगळं ठीक आहे. १०० वर गेलं की मागणी एकदम १.२५ ची होते आणि पुरवठा तोकडा पडतो. मुळात सगळं नीट असतानाही १०० चं चित्र १० च्या तुलनेत सुमारे चौथ्या हिश्शाएवढंच उजळ असतं. त्यात शंकू अरुंद, म्हणजे काळोखच. ‘१० ला मस्त, १०० ला अंधार’ या तक्रारीत म्हणून मी ऑब्जेक्टिव्हला सगळ्यात शेवटी हात लावतो.

हा कंडेन्सर खाली जातो कसा? छोट्या लॅबमध्ये एकाच यंत्रावर सकाळी लघवीचे नमुने बघतात आणि दुपारी रक्ताचे स्मिअर. लघवीतल्या कास्ट (मूत्रपिंडाच्या नळ्यांत घडलेले साचे), स्फटिक, पेशी यांना रंग दिलेला नसतो. पूर्ण उजेडात त्या पारदर्शक होऊन नाहीशा होतात. म्हणून कंडेन्सर खाली घेऊन डायफ्राम मिटवतात, की कडा उठून दिसतात. अगदी बरोबर पद्धत आहे ती. पण नंतर कंडेन्सर पुन्हा वर घ्यायचं राहून जातं. वापरलेला मायक्रोस्कोप विकला जातो तेव्हा तो याच अवस्थेत विकला जातो. शिवाय जुन्या यंत्रात कंडेन्सरच्या नॉबची पकड सैल झालेली असते. वर घेतला तरी काम चालू असताना तो आपल्याच वजनाने हळूहळू खाली येतो. वर घ्या, पाच मिनिटांनी वाकून बघा, घसरलाय का. घसरत असेल तर नॉबची पकड आवळून घ्या. मेकॅनिकसाठी ते दहा मिनिटांचं काम आहे.

तुम्ही स्वतः करायचं ते असं. रंगवलेला चांगला स्मिअर लावा, १० वर फोकस करा. कंडेन्सर पूर्ण वर घ्या, वरचं भिंग स्लाइडच्या अगदी खाली, एखाद-दोन मिलिमीटरवर येईल. मग पेन्सिलचं टोक दिव्याच्या काचेवर ठेवा आणि आयपीसमधून बघत कंडेन्सर किंचित खालीवर करा. एका जागी पेन्सिलचं टोक स्मिअरच्या सोबतीनेच स्पष्ट दिसेल. तीच कंडेन्सरची जागा. टोक काढून घ्या. तुमच्या यंत्राच्या तळाशी दिव्याच्या तोंडावर वेगळा मिटणारा डायफ्राम असेल तर पेन्सिल लागत नाही: तो मिटवा, त्याची कड कंडेन्सरने फोकस करा, बाजूच्या दोन स्क्रूंनी ते वर्तुळ मधोमध आणा, आणि वर्तुळ गोलाच्या बाहेर जाईपर्यंत पुन्हा उघडा. ऑगस्ट कोह्लर यांनी १८९३ मध्ये दाखवलेल्या रीतीचा हा भाग आहे. दीड मिनिटाचं काम.

आता १०० लावा, तेल घाला, फोकस करा. एक आयपीस उपसून काढा आणि रिकाम्या नळीत बघा. खाली उजेडाची एक चकती दिसेल, ती म्हणजे ऑब्जेक्टिव्हची मागची खिडकी. डायफ्रामची दांडी हलवा, चकतीत पाकळ्या मिटताना-उघडताना दिसतील. चकतीचा बहुतेक भाग उजळलेला हवा; कंडेन्सर कोरडा असल्याने अगदी कडेचा पट्टा अंधारा राहिला तरी चालेल. रंगवलेल्या स्मिअरला १०० वर मी डायफ्राम सताड उघडतो. ४० वर दोन-तृतीयांश ते तीन-चतुर्थांश चकती उजळ ठेवतो. चकती मधोमध फक्त चवलीएवढी उजळत असेल आणि डायफ्राम उघडूनही वाढत नसेल, तर कंडेन्सर खाली आहे, तिरका आहे, नाहीतर त्याच्या वरच्या भिंगावर जुनं तेल आणि स्टेन वाळून चिकटलाय. हे शेवटचं फार आढळतं. स्टेजच्या भोकातून बोट घालून बघा, चिकट लागेल. कंडेन्सर उतरवून वरचं भिंग पुसा.

एक सवय मात्र सोडा: उजेड कमी-जास्त करायला डायफ्राम वापरू नका. त्याला दिव्याचा नॉब आहे. डायफ्राम कॉन्ट्रास्ट आणि बारकावा यांचा तोल ठरवतो. मिटवला की कडा ठळक होतात, पण बारीक तपशील जातो आणि प्रत्येक कणाभोवती कडी दिसू लागते. मलेरिया बघताना अशी खोटी कडी किती महागात पडेल ते तुम्हाला सांगायला नको.

स्टेजबद्दल फार बोलण्यासारखं नाही. स्लाइड धरते, आडवी-उभी सरकवते, बाजूच्या वर्निअरवर (मोजपट्टीवर) जागेची नोंद ठेवता येते म्हणजे सापडलेली पेशी डॉक्टरांना पुन्हा दाखवता येते. स्लाइड धरणारी स्प्रिंगची कमान ढिली असेल तर तेलाच्या ओढीने स्लाइड १०० च्या मागे मागे सरकते, एवढं बघा.

स्लाइडवरून आपण ४० च्या दुधाळपणाकडे येतो. ऑब्जेक्टिव्हवर खालच्या ओळीत कोरलेला शेवटचा आकडा आठवा, ०.१७. हे भिंग ०.१७ मिलिमीटर जाडीच्या कव्हरस्लिपमधून (स्लाइडवर ठेवायच्या पातळ काचेतून) बघायचं म्हणूनच घडवलेलं असतं. तुमच्या स्मिअरवर कव्हरस्लिप नसते. ४ आणि १० ला त्याने काही बिघडत नाही, कारण त्यांचा शंकू अरुंद. १०० लाही अडत नाही, कारण तेल आणि काच प्रकाशाला जवळजवळ सारखंच वळवतात, कव्हरस्लिपची जागा तेल भरून काढतं. मधल्यामध्ये ४० सापडतं. उघड्या, कोरड्या स्मिअरवर चांगलं ४० सुद्धा किंचित दुधाळच दिसणार, तो त्याचा दोष नाही. खात्री करायची तर वाळलेल्या स्मिअरवर तेलाचा एक थेंब टाका, वर कव्हरस्लिप ठेवा आणि ४० ने बघा. एकदम कडक चित्र आलं तर तुमचं ४० ठणठणीत आहे. आणि ४० ला अजिबातच फोकस होत नसेल, अगदी काचेला टेकेपर्यंत खाली जाऊनही, तर स्लाइड उलटी लावलीय का बघा. ४० आणि स्लाइड यांच्यात सुमारे अर्ध्या मिलिमीटरचीच जागा असते. उलट्या स्लाइडची काच एक मिलिमीटरच्या वर जाडीची असते, तिच्या पलीकडच्या स्मिअरपर्यंत नजर पोचतच नाही. विद्यार्थ्यांकडून हे रोज होतं आणि अनुभवी हातांकडूनही घाईच्या दिवशी होतं.

४० दुधाळ होण्याचं दुसरं कारण, आणि वापरलेल्या यंत्रात हेच जास्त: त्याला तेल लागलेलं असतं. १०० वर काम झालं, ऑब्जेक्टिव्ह बसवलेलं नोझपीस उलट फिरवलं, ४० तेलातून फरफटत गेलं. ४० कोरडं चालायचं भिंग आहे, त्यावर तेलाचा पापुद्रा बसला की संपलं. आयपीस काढा, उलटं धरा, आणि भिंगासारखं वापरून ऑब्जेक्टिव्हच्या टोकाकडे बघा. पापुद्रा, वाळलेला स्टेन, चरे, सगळं दिसतं. वेगळं भिंग विकत घ्यायची गरज नाही.

पुसण्याची रीत: आधी रबरी फुग्याने हवा मारून धूळ उडवा. मग लेन्स पेपर, कोरडा, एकदाच, दाब न देता. तेल निघत नसेल तर लेन्स पेपरच्या कोपऱ्याला झायलीनचा एखादा थेंब लावून पुसा आणि लगेच कोऱ्या कागदाने कोरडं करा. भिंग झायलीनमध्ये किंवा स्पिरिटमध्ये बुडवू नका, भिंगं चिकटवलेलं सिमेंट सुटतं. गॉज, ओढणी, रुमाल, कापसाचा बोळा, काहीही नको. आणि ऑब्जेक्टिव्ह स्क्रू काढून उघडू नका. आतल्या भिंगांमधलं अंतर कारखान्यात जुळवलेलं असतं, ते टेबलावर जुळत नाही.

तेलाचंही इथेच सांगतो. काचेतून हवेत येताना प्रकाश वाकतो आणि तिरके किरण भिंगाच्या बाहेर निसटतात. म्हणून कोरड्या भिंगाचं न्यूमेरिकल अपर्चर १ च्या वर जाऊच शकत नाही. तेलाचा अपवर्तनांक (प्रकाश किती वाकवतं त्याचा आकडा) सुमारे १.५१५, जवळजवळ काचेएवढा, त्यामुळे तेलातून ते किरण सरळ भिंगात जातात. ‘जवळपास तसंच दिसतं’ म्हणून लिक्विड पॅराफिन घालणारे पुष्कळ आहेत. त्याने चित्र येतं, पण थोडं कमअस्सल येतं. जुनं सीडरवुड तेल वाळून लाखेसारखं कडक होतं, ते टाळा. न वाळणारं सिंथेटिक घ्या आणि संध्याकाळी लॅब बंद करताना १०० पुसा. तेलात बुडबुडा असेल तर तोही काळोख करतो. मघाच्या रिकाम्या नळीतून बघताना चकतीत गोल काळा डाग तरंगताना दिसला तर तो बुडबुडा. पुसून नवीन थेंब टाका.

नोझपीस म्हणजे ऑब्जेक्टिव्ह बसवलेला फिरता गोल भाग. तो फिरवताना त्याची खाचेची कड धरायची, ऑब्जेक्टिव्ह धरून ओढायचं नाही. ओढून ओढून मध्य सरकतो आणि १० ला मध्यभागी असलेली पेशी ४० ला गोलाबाहेर जाते. ‘टिक’ लागली की पुरे. टिक लागण्याआधी थांबलं तरी अर्धा गोल काळा दिसतो, हेही तपासा.

वरचं डोकं: आत प्रिझम असतात, ते एकच चित्र दोन डोळ्यांना वाटतात. यंत्र आपटलं की प्रिझम हलतात, मग दोन्ही डोळ्यांना चित्र एकमेकांवर बसत नाही आणि अर्ध्या तासात डोकं दुखतं. तसं होत असेल तर मेकॅनिककडेच द्या. त्याआधी मात्र डोळ्यांमधलं अंतर आणि आयपीसवरची फिरती कडी नीट लावून बघा. ज्या आयपीसला कडी नाही त्या डोळ्याने, दुसरा मिटून, नेहमीच्या नॉबने फोकस करायचा. मग कडीवाल्या डोळ्याने फक्त कडी फिरवून. बऱ्याच जणांना डोकेदुखी एवढ्यानेच थांबते. चित्रात काळा ठिपका दिसत असेल तर तो कुठला हे शोधणं सोपं आहे: आयपीस फिरवा, ठिपका फिरला तर घाण आयपीसवर. स्लाइड सरकवल्यावर सरकला तर स्लाइडवर. ऑब्जेक्टिव्ह बदलल्यावर गेला तर ऑब्जेक्टिव्हवर. कंडेन्सर खालीवर केल्यावर विरला तर खालच्या काचांवर.

फोकसचा मोठा नॉब ४ आणि १० साठी. ४० आणि १०० वर गेल्यावर त्याला हात लावायचा नाही, फक्त लहान नॉब. १०० च्या टोकाशी तेव्हा मिलिमीटरच्या दहाव्या हिश्शाच्या आसपासच जागा उरलेली असते. फोकस आपोआप सुटत असेल तर स्टेज घसरतेय, मोठ्या नॉबशेजारची कडी थोडी आवळा. नॉब जड झाला असेल तर आतलं ग्रीस वाळलंय. शिलाई मशीनचं तेल सोडू नका, ते वाळलेलं ग्रीस पातळ करून भिंगांकडे नेतं.

आता आपल्या मुंबईचं खास दुखणं, बुरशी. जून ते सप्टेंबर हवा ओली, आणि फोम लावलेल्या लाकडी पेटीत यंत्र बंद. आठवडाभराची सुट्टी पडली की प्रिझमवर कोळ्याच्या जाळ्यासारखे धागे धरतात. सुरुवातीला पुसून निघतात, पुढे काचेवरचा लेप खाऊन कायमचे वळ उठतात. रोनाल्ड रॉस यांनी १८९७ मध्ये सिकंदराबादला डासाच्या पोटात मलेरियाचा परजीवी शोधला, तेव्हा घामाने त्यांच्या मायक्रोस्कोपचे स्क्रू गंजले होते आणि उरलेलं एकुलतं आयपीस तडकलेलं होतं. डास उडून जातील म्हणून पंखाही लावता येत नव्हता. आपल्याकडे निदान पंखा आहे. यंत्र पेटीत नको, हवा खेळेल अशा कपाटात ठेवा, सोबत सिलिका जेलची पुडी, दाणे निळ्याचे गुलाबी झाले की गरम करून परत वापरा. कपाटात झिरोचा बल्ब लावत असाल तर जुना, फिलामेंटचा लावा. एलईडी फारसा तापत नाही, त्याने हवा कोरडी होत नाही. तुमच्या यंत्राचा सगळ्याच ऑब्जेक्टिव्हला, म्हणजे १० लाही, थोडा दुधाळपणा असता तर मी आधी प्रिझमवरच्या बुरशीचा संशय घेतला असता. १० स्वच्छ आहे म्हणता, म्हणून तो संशय मागे ठेवतो.

लॅब रेल्वे लाइनच्या जवळ असेल तर आणखी एक. फास्ट लोकल गेली की १०० खाली स्मिअर थरथरतो आणि वाटतं फोकस सुटला. प्लायवुडच्या टेबलावरून यंत्र भिंतीत बसवलेल्या कडाप्प्याच्या ओट्यावर न्या, खाली रबराचे जाड तुकडे ठेवा. बराच फरक पडतो.

एवढं सगळं करून ४० तेल-कव्हरस्लिपखाली स्वच्छ दिसलं, रिकाम्या नळीत १०० ची चकती नीट उजळली, आणि तरीही १०० चं चित्र धूसर राहिलं, तर मग विकणारा खरं बोलतोय असं समजा. उलट्या आयपीसने १०० चं टोक बघा: पुढच्या इवल्या भिंगाच्या कडेने पांढरट चंद्रकोर दिसली तर सिमेंट सुटून आत तेल शिरलंय. ते दुरुस्त करण्यात अर्थ नाही, नवीनच घ्या. शक्य असेल तर आधी कुणा ओळखीच्या लॅबमधलं १०० दहा मिनिटं मागून तुमच्या यंत्रावर लावून बघा, म्हणजे वाद मिटेल.

घेताना एक खबरदारी. ऑब्जेक्टिव्हचे आटे जवळपास सगळीकडे एकाच मापाचे, ०.८ इंचाचे असतात. त्यामुळे प्रिन्सेस स्ट्रीटला दुकानदार जे देईल ते तुमच्या यंत्रात फिट्ट बसेल आणि तरी चालणार नाही, असं होऊ शकतं. जुन्या ऑब्जेक्टिव्हवर १६० असेल तर नव्यावरही १६० हवं. आडवा आठ असेल तर आडवा आठ. दोन्हींची भेसळ केली की चित्र येतं, पण बाकीच्या तिघांशी फोकस जुळत नाही आणि १०० ला तर ते चित्र बिघडलेलंच असतं. अंबाला बनावटीचं साधं अॅक्रोमॅट (रंगांचा दोष बऱ्यापैकी सुधारलेलं भिंग) १००/१.२५ रोजच्या स्मिअरला पुरतं, प्लान (सपाट चित्र देणारं) घेतलंत तर गोलाच्या कडेपर्यंत फोकस मिळेल, एवढाच फरक. दुकानात जाताना यंत्र आणि स्वतःचा ओळखीचा स्मिअर घेऊन जा, तिथेच तेल घालून बघा, आणि पटल्याशिवाय पैसे देऊ नका.

आधी कंडेन्सर, मग ४० चं टोक, मग कव्हरस्लिपची चाचणी, मग १०० चं टोक, या क्रमाने जा. काय दिसलं ते आणि चारही ऑब्जेक्टिव्हवरचे आकडे जसेच्या तसे लिहून कळवा, त्यावरून पुढचं सांगतो.